पहिल्या ड्यूटीची सोबत: ब्रिटनमधील प्रिसेप्टरशिपमागची गोष्ट

ब्रिटनमध्ये नोंदणी झाली की नवी परिचारिका पूर्ण जबाबदार परिचारिका ठरते. काल जे औषध तिने विद्यार्थिनी म्हणून देखरेखीखाली दिले, तेच आज स्वतःच्या सहीने द्यायचे असते. या टप्प्यावर अनुभवी परिचारिकेने पहिले काही महिने नवखीच्या पाठीशी उभे राहायचे, याला तिथे 'प्रिसेप्टरशिप' म्हणतात.

पूर्वी या सोबतीची वेगळी गरज कुणाला जाणवत नव्हती. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांची शाळा सुरू झाली. तिथल्या 'प्रोबेशनर' मुली वॉर्डात राबतच शिकत. पुढे शंभराहून अधिक वर्षे शिक्षणाची घडण साधारण हीच राहिली. वरच्या वर्षातल्या विद्यार्थिनीवर रात्रपाळीत वॉर्ड सोपवणेही नवलाचे नव्हते. त्यामुळे पात्र होईपर्यंत तिचा हात बसलेला असे. पण रुग्णालयाला ती स्वस्तातले मनुष्यबळ म्हणूनच हवी असे. जुन्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये.

१९७४ मध्ये अमेरिकेत मार्लेन क्रेमर यांनी नवख्या परिचारिकांच्या अनुभवाला 'रिॲलिटी शॉक' असे नाव दिले. शाळेत शिकवलेली शुश्रूषा आणि वॉर्डातली धावपळ यांचा मेळ बसत नाही, आणि त्या ओढाताणीत चांगल्या मुली पेशा सोडतात. मला या नावाचे मोल फार वाटते. तोवर असे रडू आले की दोष त्या मुलीच्या माथी मारला जाई.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला तो 'प्रोजेक्ट २०००'मुळे. १९८६ च्या या आराखड्याने परिचर्येचे शिक्षण उच्च शिक्षणाच्या प्रवाहात नेले आणि शिकण्याच्या बहुतांश काळात विद्यार्थिनीला वॉर्डाच्या मनुष्यबळातून वगळले. ते योग्यच झाले. मात्र जबाबदारीचे ओझे आता हळूहळू न चढता नोंदणीच्या दिवशी एकदम अंगावर येऊ लागले. म्हणून १९९३ मध्ये तिथल्या तेव्हाच्या नियामक परिषदेने सुमारे चार महिन्यांच्या प्रिसेप्टरशिपची शिफारस केली. प्रिसेप्टरला किमान वर्षभराचा अनुभव हवा, असेही सांगितले. एक वर्ष मला तोकडेच वाटते.

शिफारस ही शिफारसच असते. कुठे ती मनापासून राबवली गेली, कुठे फॉर्म भरण्यापुरती उरली. स्कॉटलंडने २००६ मध्ये नवख्यांच्या मदतीसाठी 'फ्लाइंग स्टार्ट' हा कार्यक्रम सुरू केला, तर इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २०१० मध्ये आराखडा दिला. २०२० मध्ये नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल या आजच्या नियामक संस्थेने प्रिसेप्टरशिपची तत्त्वे जाहीर केली. परदेशातून येऊन तिथे नव्याने नोंदणी करणाऱ्या परिचारिकांचाही त्यांत विचार आहे. भारतातून गेलेल्यांसाठी हे महत्त्वाचे, कारण दहा वर्षे आयसीयू सांभाळलेली सिस्टरही तिथे पहिल्या दिवशी औषधांची नावे आणि बोलीचे उच्चार नव्याने शिकत असते. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप असते, पण ती नोंदणीआधीची.

२०२२ मध्ये इंग्लंडमध्ये परिचर्येसाठी राष्ट्रीय आराखडा आला. त्यात प्रिसेप्टर आणि नवखी या दोघींसाठी ड्यूटीतला वेळ राखून ठेवण्यावर भर आहे. खरी अडचण नेहमी तिथेच होती. वॉर्डात दोन माणसे कमी असली की सर्वांत आधी रद्द होते ती या दोघींची ठरलेली भेट.