घराला लागून असलेलं झाड काढायचं असेल तर
(दापोली, मंडणगड, गुहागर भागातील आमच्या ग्राहकांसाठी)

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडात कित्येक घरांवर आंबे, फणस, माड आडवे झाले. तेव्हापासून आम्हाला येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "घरावर आलेलं झाड आहे, तोडायचे किती घ्याल?" झाड बघितल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही. असं का, आणि दर सांगितल्यावर नेमकं काम काय होतं, ते इथे लिहिलं आहे.

आधी शेंड्याकडे बघा

घराकडे कललेलं प्रत्येक झाड पडणारं नसतं. बुंधा तिरका असला तरी शेंडा सरळ आकाशाकडे वळलेला असेल, तर ते झाड लहानपणापासून तसंच वाढलं आहे आणि त्याने आपला तोल धरला आहे. बुंध्याबरोबर शेंडाही कललेला असेल तर ते अलीकडे हललं आहे. मग कलाच्या उलट बाजूला जमीन बघा. तिथे माती फुगली असेल किंवा भेग पडली असेल, तर मुळं उचलली गेली आहेत. अशा झाडाच्या खाली गाडी लावू नका, त्या बाजूच्या खोलीत झोपू नका आणि आम्हाला लगेच कळवा.

बुंध्याशी अळंबी आली असेल, फांदीतून भुसा गळत असेल (आंब्याला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागली की असंच होतं), पावसाळ्यातही शेंडा उघडाच राहत असेल, तर आतून पोखरण सुरू आहे. एक गोष्ट लोक सांगायला विसरतात. गेल्या दोन-तीन वर्षांत झाडाजवळ शोषखड्डा, गटार किंवा नव्या खोलीचा पाया खणला आहे का? जांभ्यावर माती मुळात थोडी. मुळं खोल न जाता आडवी पसरतात. एका बाजूची मुळं तुटली की वरून हिरवंगार दिसणारं झाडही पहिल्या जोराच्या वाऱ्यात जातं.

बाकी ठिकाणी फांद्या हलक्या करून भागतं, आणि भागत असेल तर आम्ही तेवढंच सुचवतो. शेंडा सरसकट उडवा म्हणाल तर मात्र नाही. कापलेल्या जागी फुटणारी नवी खांदी वरवर चिकटलेली असते, चार पावसाळ्यांनी ती जाड होते आणि तिथूनच मोडते.

परवानगी

नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत 1975 चा झाडांचं संरक्षण व जतन कायदा लागू आहे, अर्ज तिथल्या वृक्ष अधिकाऱ्याकडे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरलं जातं आणि भरपाईची झाडं तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी लावावी लागतात. गावात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा चालतो. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ, खैर ही आपल्याकडची बहुतेक झाडं आहेत, माड नाही. झाड स्वतःच्या आवारात असलं तरी परवानगी लागते, आणि लाकूड बाहेर न्यायचं तर वन खात्याचा वाहतूक परवाना वेगळा.

खरा वेळ खाते ती सामाईक सातबाऱ्यावरची संमती. एक हिस्सेदार बोरिवलीत, एक बडोद्यात, एकाशी बोलणं बंद. सह्या गणपतीत सगळे गावी असतात तेव्हाच घेऊन ठेवा. झाड हद्दीच्या गडग्यावर असेल तर शेजाऱ्याचीही लेखी संमती हवी, तोंडी चालणार नाही. झाडाशी राखणदार देवाचं स्थान असेल आणि त्याला गाऱ्हाणं घालायचं असेल, तर आदल्या दिवशी घालून घ्या. सकाळचा थंड वेळ आम्हाला चढाईला लागतो.

"आंबा उतरल्यावर बघू"

हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो. आंबा उतरेपर्यंत मे संपतो, मग पाऊस. ओल्या, शेवाळलेल्या खोडावर आम्ही माणूस चढवत नाही. दिवाळीला अर्ज करा, मोहोर यायच्या आत झाड उतरवून घ्या. एका वर्षाचा आंबा जाईल. कौलं, वासे आणि रिपा त्याहून महाग आहेत.

आणि कृपा करून झाड आधी मारून ठेवू नका. साल सोलून, भोकं पाडून, ॲसिड ओतून वाळवलेलं झाड सोपं होतं ही समजूत उलटी आहे. जिवंत लाकूड वाकतं, तुटण्याआधी आवाज देतं. वाळलेलं एकदम मोडतं. त्यावर दोर बांधून चढणं सगळ्यांत धोक्याचं, म्हणून तिथे आम्हाला क्रेन मागवावी लागते आणि बिल वाढतं.

काम कसं होतं

मोकळ्या जागेत झाड पाडता येतं. पडायच्या बाजूला खोडात खाच घ्यायची, मागून काप द्यायचा, मध्ये बिजागरीसारखी लाकडाची पट्टी शिल्लक ठेवायची. ती झाडाला दिशा देते. त्यासाठी चहूबाजूंनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर मोकळं हवं. घराजवळ ते कुठून मिळणार? म्हणून शेंड्याकडून सुरुवात करून तुकड्या-तुकड्याने दोरावर खाली घ्यायचं.

तुकडा केवढा, यात सगळं आलं. एक फूट जाड, तीन फूट लांब ओला आंब्याचा ओंडका साधारण 60 किलो भरतो. तेवढ्याच लांबीचा दोन फूट जाडीचा घेतला तर वजन दुप्पट नाही, चौपट होतं: 240 किलो. तो हातभर जरी मोकळा पडून दोराला हिसका बसला, तर दोरावर येणारा ताण वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून वरच्या बेचक्यात कप्पी, आणि खाली बुंध्याला दोराचे दोन-तीन वेढे. वेढे दोर आवळून धरतात, त्यामुळे एक माणूस सावकाश सोडू शकतो. वेढे नसतील तर चार माणसंही ओढली जातात. तरी घरच्या मंडळींनी "जरा हात लावतो" म्हणून दोराला हात लावू नये.

वर चढलेल्या माणसाला दोन बंध असतात, पट्टा आणि वेगळा दोर. फांदी ओलांडताना एक सोडला तरी दुसरा लागलेला असतो, आणि करवतीने एक चुकून कापला गेला तरी दुसरा धरतो. खाली हुकूम एकाच माणसाचा. वरच्याला चहासाठी हाक मारू नका, तो उतरला की चहा घेईल.

माडाची रीत वेगळी. आधी नारळ, मग झावळ्या, मग शेंडा, मग खोडाचे तीन-चार फुटी तुकडे. माडाचं खोड तंतूंचं, बाहेरून टणक आणि आत मऊ. खाच घेऊन ठेवलेली पट्टी त्यात आंब्याफणसासारखी धरत नाही, तेव्हा "इकडे पाडतो, तिकडे जाणार नाही" असं कोणी माडाबद्दल छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सर्व्हिस वायर जवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय करवत सुरू होत नाही. वायरवर कव्हर असलं तरी नाही. कौलारू घर असेल तर झाडाखालच्या पट्ट्यातली कौलं आदल्या संध्याकाळी काढून पडवीत रचून ठेवतो. कौलं काढून परत बसवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि शोषखड्डा, जुनी विहीर, सेप्टिक टँक कुठे आहे ते दाखवा. मातीखाली गेलेल्या टँकवर क्रेनचं चाक आलं तर झाड राहील बाजूला.

"लाकूड आमचं, मजुरी माफ"

काही तोडणारे असा सौदा मांडतात आणि तो गोड वाटतो. पण लाकडावर पैसे कमावणाऱ्याला लांब, सलग ओंडके हवे असतात, आणि तुमच्या छपराला हवेत लहान तुकडे. शिवाय काढायची गरज नसलेला जुना फणस त्याला नेहमीच धोकादायक दिसतो. आम्ही मजुरी घेतो, लाकूड तुमचं. फणसाचं असेल तर सरपणात घालू नका. सावलीत नीट रचून वाळवलंत तर दारं-खिडक्या होतील.

बुंधा मात्र जोत्याजवळून उपटून काढत नाही, मुळांबरोबर जोत्याखालची माती हलते. जमिनीलगत कापतो. कुजणाऱ्या बुंध्यात वाळवी येते, तेव्हा त्यावर आणि जोत्याच्या कडेने वाळवीचं औषध करून घ्या.

वादळात झाड घरावर आलंच तर

माणसं बाहेर काढा, मेन स्विच बंद करा, विजेच्या लाइनसाठी महावितरणच्या 1912 ला कळवा. छपरावर टेकलेल्या झाडाला खालून कोयता लावू नका. वाकलेली फांदी ताणलेली असते, कापताच उसळून तोंडावर येते. उपटलेल्या मुळांचा गड्डा वरचं वजन कमी झालं की परत खड्ड्यात बसतो, म्हणून त्या खड्ड्यात मुलं उतरू देऊ नका. कापण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पंचनाम्याला लागतात.

आम्हाला विचारताना तीन फोटो पाठवा: लांबून घरासकट पूर्ण झाड, बुंध्याभोवतीची जमीन, आणि गाडी जिथपर्यंत येते तिथून झाडापर्यंतचा रस्ता. पायऱ्यांच्या पाखाडीने खाली उतरावं लागत असेल तर तेही लिहा. तिथे क्रेन पोचत नाही आणि सगळं दोरावरच करावं लागतं.