लिफ्टची दोन्ही बटणं दाबू नका भो

जळगावात आता उंच बिल्डिंगी वाढल्या, आणि वर-खाली दोन्ही बटणं दाबली की लिफ्ट लवकर येते हा समज पण पक्का बसलाय. आपल्या कामाची लिफ्ट काही लवकर येत नाही. बाण आपल्याला कुठं जायचंय ते सांगायला असतो, लिफ्ट खाली आहे म्हणून वरचा दाबणारेही तेवढेच चुकतात. कंट्रोलर, म्हणजे लिफ्ट चालवणारी यंत्रणा, सहसा वर जाताना वरच्या बाणाचे कॉल घेतो, उतरताना खालच्या बाणाचे. पाचव्यावरून खाली जायचंय आणि दोन्ही दाबले तर वर चाललेली लिफ्टही उगाच थांबते, दार उघडतं, मिटतं, आतले वैतागतात, आणि तुम्ही चढलात तर आधी वरची फेरी फुकट. बटणाचा लाइट लागला म्हणजे कॉल नोंदला गेला, नंतर ठोकत बसून लिफ्ट पळत नाही.