नुसती सुपारी, तंबाखू नाही, मग कसला कॅन्सर?

इंदूरच्या रामबागेत कुठल्याही मराठी घरी जेवण झालं की सुपारीचा डबा फिरतो, आणि सोबत हे वाक्यही: "तंबाखू थोडीच खातोय!" हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि तो साफ चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे.

सुपारीतल्या अरेकोलीन या रसायनामुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साचत जातात. आधी तिखट झोंबायला लागतं. मग गाल आतून पांढरट, ताठ होतो, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. तोंड उघडणं कमी होतं. आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जात नसतील तर दाखवायलाच हवं. पाणीपुरी तोंडात मावेना झाली की लोक जबडा धरला म्हणतात आणि बाम चोळतात! असं तोंड आखडलेल्यांपैकी काहींना पुढे कॅन्सर होतो.

"दुखत नाही, म्हणजे काळजी नाही" हेही खरं नव्हे. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम किंवा फोड, मानेतली गाठ: यातलं काहीही दिसलं तर शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे जा. तिथे चट्ट्याचा किंवा गाठीचा छोटा तुकडा तपासायला काढल्याने (बायोप्सी) कॅन्सर पसरत नाही.