बारा खेळाडू, पदक एकच : महाविद्यालयीन क्रीडा विभागांच्या मोजमापाची पार्श्वभूमी

इंदूरच्या सरकारी महाविद्यालयांत क्रीडा विभाग सांभाळणाऱ्याचे पद 'क्रीडा अधिकारी' या नावाने ओळखले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्रीय नियमांत त्यालाच 'शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक' म्हणतात. नाव भारदस्त, पण साहित्याची खरेदी असो की संघाचा प्रवासखर्च, शेवटची सही प्राचार्यांचीच. विभागाचा निकाल मात्र संचालकाच्या नावावर लागतो.

इंदूरच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ दरम्यान चारदा रणजी करंडक जिंकला, त्याचा अभिमान शहराला आजही आहे. विद्यापीठांची सर्व खेळांतली एकत्रित कामगिरी १९५६-५७ पासून आझाद करंडकासाठी मोजली जाऊ लागली. महाविद्यालयांच्या वाट्याला काटेकोर मोजणी आली ती फार उशिरा.

महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या 'नॅक' या संस्थेच्या २०१७ च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत निकष ५.३.१ पदकांसाठी होता आणि त्यातली एक अट आजही खटकते: सांघिक स्पर्धेतले पारितोषिक एकच धरायचे. कबड्डीत सात मॅटवर, पाच राखीव. बारा जणींनी पावसाळ्यापासून घाम गाळला तरी नोंद एक. कुस्तीत वेगवेगळ्या वजनगटांतल्या तीन मुलींनी पदके आणली की नोंदी तीन. एका पदकाची बारा प्रमाणपत्रे जोडून बारा पदके दाखवणारे होतेच, त्यांना आवर घालायला अट ठीक होती. पण तिने सांघिक खेळ सांभाळणाऱ्या विभागाला तोट्यात टाकले. शिवाय आंतरविद्यापीठ स्पर्धेत संघ विद्यापीठाचा असतो. त्यात चार महाविद्यालयांचे खेळाडू असतील तर तेच पदक चारही जागी चढते आणि सराव नेमका कुणी घेतला हे कागदावर उरत नाही. आखाड्यात तयार होऊन आलेल्या पैलवानाचे पदकही प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयाच्याच खात्यात.

खुद्द संचालकाची पट्टी निराळी. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार वार्षिक मूल्यमापनात हजेरी ९० टक्के किंवा अधिक असेल तर 'चांगले', ८० ते ९० टक्क्यांदरम्यान असेल तर 'समाधानकारक'. महाविद्यालयांतर्गत स्पर्धा पाचाहून अधिक खेळांत घेतल्या तर 'चांगले', तीन ते पाच खेळांत 'समाधानकारक'. पुढे बाहेरच्या स्पर्धांतला सहभाग आणि मैदानांची देखभाल. इथे सगळा भर भाग घेण्यावर, जिंकण्यावर नाही. म्हणजे स्वतःच्या बढतीसाठी बुद्धिबळ, कॅरम, टेबल टेनिस धरून सहा स्पर्धा उरकल्या तरी त्या रकान्यापुरते भागते. महाविद्यालयाच्या श्रेणीला मात्र त्यांचा पदक म्हणून उपयोग शून्य. दोन्ही तक्ते एकाच टेबलावर भरले जातात.

पदके कागदावर अडतात ती बहुधा दोन कारणांनी. प्रमाणपत्र नुसते सहभागाचे निघते, किंवा त्यावर महाविद्यालयाऐवजी क्लबचे नाव असते. संभागाची, म्हणजे अनेक जिल्ह्यांच्या विभागाची, स्पर्धा संपली की त्याच दिवशी, बस सुटण्याआधी, प्रत्येक प्रमाणपत्रावरचे नाव, खेळ, वजनगट आणि तारीख वाचून घेणारा अधिकारी पाच वर्षांनी फाईल भरताना धावाधाव करत नाही.