एक मेची सुट्टी मुळात कुणाची?

एक मे म्हटलं की आपल्याला लाल बावटा आणि महाराष्ट्र दिन आठवतो. युरोपात मात्र ही तारीख त्याआधी कित्येक शतकं वसंताची होती.

प्राचीन रोममध्ये फ्लोरा या फुलांच्या देवीचा उत्सव २८ एप्रिलपासून मेच्या सुरुवातीपर्यंत चाले. लोक एरवीचे पांढरे कपडे सोडून रंगीत कपडे घालत, खेळांच्या मैदानात ससे आणि शेळ्या सोडत, गर्दीवर कडधान्यं उधळत. पीकपाणी नीट व्हावं, घरागोठ्यात वाढ व्हावी, हेच मागणं. आयर्लंड-स्कॉटलंडमधले पशुपालक याच सुमारास बेल्टेन पाळत. गुरं उन्हाळी कुरणांवर नेण्याआधी दोन पेटत्या जाळांमधून हाकायची, म्हणजे रोगराई टळते, ही श्रद्धा. इंग्लंडचा मे-डे थेट या सणांतून उतरला असं सर्रास सांगतात, पण तसा पक्का पुरावा नाही. ऋतू तोच, काळजी तीच, म्हणून सण सारखे, हे मला अधिक पटतं.

इंग्लंडमध्ये गावोगावी उंच खांब फुलापानांनी सजवून त्याभोवती नाचत. प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाला त्यात मूर्तिपूजा दिसली. १६४४ मध्ये पार्लमेंटने सगळे खांब उतरवायचा हुकूम काढला. खांब राहिला तर गावच्या अधिकाऱ्यांना दर आठवड्याला पाच शिलिंग दंड! राजेशाही परतल्यावर, १६६१ मध्ये, लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर तब्बल १३४ फुटी खांब दिमाखात उभा राहिला. लोकांच्या सणावर बंदी घालून तो संपत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

पुढचं वळण अमेरिकेतलं. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ पासून लाखो कामगार संपावर गेले. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केटमध्ये सभेला पांगवायला आलेल्या पोलिसांवर बॉम्ब पडला. तो कुणी टाकला हे सिद्ध झालं नाही, तरी १८८७ मध्ये चौघांना फाशी दिलं गेलं. १८८९ च्या समाजवाद्यांच्या पॅरिस परिषदेने १ मे जगभरच्या कामगारांचा दिवस ठरवला.

मग सत्ताधाऱ्यांनाही तो हवासा झाला. हिटलरने १९३३ मध्ये १ मेची पगारी सुट्टी दिली आणि दुसऱ्याच दिवशी कामगार संघटनांची कार्यालयं ताब्यात घेतली. १९५५ मध्ये पोपनी हा दिवस कामकरी संत जोसेफला वाहिला.

भारतात पहिला कामगार दिन १९२३ मध्ये मद्रासला कामगार नेते सिंगारवेलूंनी साजरा केला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणी कामगार आघाडीवर होते आणि राज्य जन्मलं तेही १ मे १९६० ला. आज सरकारी सुट्ट्यांच्या यादीत नाव असतं महाराष्ट्र दिनाचं. शेजारी कामगार दिनही छापावा, इतका त्यांचा हक्क नक्कीच आहे.