प्रोसेक्को आणि कोनेल्यानो-वाल्दोब्ब्यादेनेच्या टेकड्या

प्रोसेक्को : ईशान्य इटलीतील व्हेनेतो आणि फ्रिउली-व्हेनेत्सिया जुलिया या प्रांतांत तयार होणारी फेसाळ, मुख्यतः पांढरी वाइन. तिच्यात ग्लेरा या पांढऱ्या द्राक्षाचे प्रमाण किमान ८५ टक्के असावे लागते. सपाटीवरच्या बागांतून येणारी प्रोसेक्को जगभरच्या दुकानांत मिळते. पण या वाइनचे खरे घर म्हणजे व्हेनिसच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी, कोनेल्यानो आणि वाल्दोब्ब्यादेने या दोन गावांच्या दरम्यान पसरलेल्या उभ्या चढाच्या टेकड्या.

या टेकड्या एकामागे एक समांतर धावतात. त्यांचे कडे इतके अरुंद आणि तीव्र आहेत की बऱ्याच ठिकाणी यंत्र चढत नाही. छाटणी, वेल बांधणे आणि सप्टेंबरमधली तोडणी हातानेच करावी लागते. उतारावर वेलींच्या ओळी ज्या पायऱ्यांवर उभ्या असतात, त्यांना तिथे ‘चिल्योनी’ म्हणतात. या पायऱ्यांना दगडी बांध नसतो. मातीचाच काठ ठेवून त्यावर गवत राखतात आणि गवताची मुळे माती धरून ठेवतात. मध्येमध्ये रानाचे तुकडे, झुडपांची कुंपणे आणि छोटी शेते तशीच राहिली आहेत. माणसाने पिढ्यानपिढ्या घडवलेल्या या भूदृश्याला २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. आदल्या वर्षी हाच प्रस्ताव मंजूर झाला नव्हता.

नावाची कथा जाणून घेण्यासारखी आहे. प्रोसेक्को हे मुळात त्रिएस्ते शहराजवळच्या एका गावाचे नाव. पुढे द्राक्षालाही तेच नाव पडले. द्राक्षाच्या जातीचे नाव जगात कोणीही वापरू शकतो, स्थळाच्या नावाला मात्र कायद्याचे संरक्षण मिळते. म्हणून २००९ मध्ये द्राक्षाला ‘ग्लेरा’ हे जुने नाव पुन्हा दिले गेले आणि संरक्षित क्षेत्राची हद्द त्रिएस्तेजवळच्या त्या गावापर्यंत वाढवून ‘प्रोसेक्को’ हे स्थळनाम ठरवण्यात आले. त्याच वर्षी जुन्या टेकड्यांना इटलीतील वाइनचा सर्वोच्च, ‘डीओसीजी’ दर्जा मिळाला. ऑस्ट्रेलियातील उत्पादक प्रोसेक्को हे द्राक्षाचेच नाव मानत आले आहेत, त्यामुळे युरोपशी त्यांचा वाद झाला.

प्रोसेक्कोला स्वस्तातली शॅम्पेन समजणे हा तिच्यावर अन्याय आहे. शॅम्पेनमध्ये दुसरे किण्वन, म्हणजे फेस आणण्यासाठी वाइन पुन्हा आंबवणे, बाटलीत होते आणि मृत यीस्टच्या दीर्घ सहवासाने पावाचा, सुक्या मेव्याचा गंध येतो. ग्लेराचा स्वतःचा गंध नाजूक असतो, तो अशा सहवासात झाकला जाईल. त्यामुळे इथे साधी, बिनफेसाची वाइन साखर व यीस्टसह पोलादाच्या बंद, दाब सहन करणाऱ्या टाकीत ठेवतात. किण्वनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसते, तो वाइनमध्येच विरघळतो. मग वाइन गाळून दाबाखालीच बाटलीत भरतात. ही पद्धत इटलीतील आस्ती येथील फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये मांडली आणि पुढे फ्रान्सच्या युजेन शार्मा यांनी सुधारली. वाइनशास्त्राचे शिक्षण देणारी इटलीतील पहिली शाळा १८७६ मध्ये कोनेल्यानोतच सुरू झाली होती. तिच्या स्थापनेत वाइन उत्पादक आंतोनियो कार्पेने यांचा मोठा वाटा होता.

टेकड्यांतही उतारागणिक फरक पडतो. एकाच गावाच्या किंवा वाडीच्या चढावरच्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनच्या लेबलवर ‘रिव्हे’ हा शब्द आणि त्या जागेचे नाव येते. सर्वांत मानाची जागा कार्तित्झे. वाल्दोब्ब्यादेनेजवळच्या या अवघ्या १०७ हेक्टर भूमीची विभागणी अनेक मालकांत झाली आहे. सपाटीवर हेक्टरी १८ टन द्राक्षे घेण्यास मुभा आहे, टेकड्यांवर साडेतेरा आणि कार्तित्झेत फक्त १२.

लेबल वाचताना बहुतेकांची एका ठिकाणी फसगत होते. ‘ड्राय’ म्हणजे कोरडी, गोड नसलेली; पण ‘ड्राय’ लिहिलेली बाटली गोडसर असते. लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर ‘ब्रूट’, १२ ते १७ असेल तर ‘एक्स्ट्रा ड्राय’ आणि १७ ते ३२ असेल तर ‘ड्राय’. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हा इथला जुना, लोकप्रिय प्रकार. जेवणासोबत मात्र ब्रूट अधिक जुळते.

वाइन ६ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून, कळीच्या आकाराच्या पेल्यात ओतावी. अगदी अरुंद पेल्यात बुडबुडे छान दिसतात, पण गंध कोंडला जातो. पेला नाकाजवळ नेला की हिरवे सफरचंद, पेअर आणि पांढऱ्या फुलांचा वास येतो. जिभेवर फेस हलकेच फुटतो. हा ताजेपणाच तिचा गुण असल्यामुळे बहुतेक बाटल्या वर्ष-दोन वर्षांत संपवणे चांगले. पांढऱ्या पीचचा गर मिसळून केलेले ‘बेल्लिनी’ हे व्हेनिसचे प्रसिद्ध पेय प्रोसेक्कोवरच उभे आहे.

टाक्या येण्याआधी टेकड्यांवरचे शेतकरी वाइन बाटलीतच पुन्हा आंबू देत. यीस्टचा साका तळाशी राही, म्हणून तिला ‘कोल फोन्दो’, म्हणजे ‘तळासकट’ म्हणतात. अलीकडे काही उत्पादकांनी ही रीत पुन्हा हाती घेतली आहे. ही वाइन कोरडी, किंचित गढूळ आणि पावाच्या वासाची असते. कोणी ती साका न हलवता अलगद ओततात, तर कोणी मुद्दाम हलवून तो सगळीकडे मिसळू देतात.