काचेतला खड्डा: दाटून पडलेला की सरकून?

खिडकीच्या काचेचा तुकडा विकर्स कठिणता यंत्राखाली ठेवा. हिऱ्याचं चौकोनी पिरॅमिडसारखं टोक ५० ग्रॅम भाराने त्यावर टेकवा आणि उचला. काच फुटेल असं वाटतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो १० ते १५ मायक्रॉन रुंदीचा नीटस चौकोनी खड्डा. टोकाखालचा दाब काही गिगापास्कल असतो, पण जागा इतकी छोटी की तडा जायच्या आधी काच कायमची बदलते.

मग त्या खड्ड्यातली काच गेली कुठे? थोडी टोक उचलताच स्प्रिंगसारखी परत वर येते, ती सोडून देऊ. उरलेल्या खड्ड्याला दोन कारणं असतात आणि वरून पाहून ती वेगळी करणं कठीण. ‘काचेचं प्लास्टिक विरूपण’ म्हणत दोन्ही एकाच खात्यावर टाकली की पुढचा हिशेब चुकतो.

पहिलं कारण म्हणजे दाटणं, डेन्सिफिकेशन. शुद्ध सिलिका (सिलिकॉन डायऑक्साइड) काचेची घनता २.२० ग्रॅम प्रति घनसेंमी, तर त्याच सिलिकाच्या क्वार्ट्झ स्फटिकाची २.६५. म्हणजे काचेच्या जाळ्यात बरीच रिकामी जागा आहे. सिलिकॉन-ऑक्सिजनचे चौफलक (मध्ये सिलिकॉन, चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन) कोपऱ्यांना जोडलेले असतात. दाबाखाली त्यांच्यामधले कोन आवळतात आणि जाळं आत बसतं. वस्तुमान तेवढंच राहतं, आकारमान घटतं. प्रचंड दाब काढल्यावरही सिलिका काच दाट राहते, हे ब्रिजमन आणि सायमन यांनी १९५३ मध्येच दाखवलं होतं. घनतेतली ही वाढ साधारण २० टक्क्यांपर्यंत जाते, मग थांबते.

दुसरं सरकणं, शिअर फ्लो. इथे आकारमान बदलतच नाही. कणकेच्या गोळ्यात बोट खुपसल्यावर कडेची कणीक वर येते, तशी काच बाजूला ढकलली जाते आणि खड्ड्याच्या काठाशी उंचवटा येतो. खिडकीच्या काचेतला सोडियम जाळ्याचे काही दुवे तोडतो, पोकळ्याही भरतो. त्यामुळे दाटायला जागा कमी आणि सरकायला वाट जास्त.

दोन्ही वेगळी कशी करायची? यावरची युक्ती मला फार आवडते, कारण ती जवळजवळ फुकटची आहे: काच तापवायची. काचसंक्रमण तापमानाच्या (जिथे काच मऊ पडू लागते; केल्विनमध्ये मोजलेल्या) सुमारे ०.९ पटीवर दोनेक तास ठेवली की दाटलेला भाग फुगून पूर्ववत होतो. सरकलेली काच मात्र जागची हलत नाही. म्हणून आधी आणि नंतर अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाने खड्ड्याचं आकारमान मोजायचं. जेवढं भरून आलं तेवढं दाटण्याचं. सिलिकाचा खड्डा बहुतेक भरून येतो, खिडकीच्या काचेचा साधारण निम्म्याहून थोडा जास्त, धातूच्या काचेचा (स्फटिक न बनता गोठलेल्या मिश्रधातूचा) जेमतेम. पॉयसन गुणोत्तरही (दाबल्यावर आखुडण्याच्या मानाने पदार्थ बाजूंनी किती फुगतो ते) याच क्रमाने चढतं: सिलिका ०.१७, खिडकीची काच ०.२२ च्या आसपास, धातूची काच ०.३५ च्या वर. गुणोत्तर कमी म्हणजे जाळं मोकळं, असा ढोबळ आडाखा.

हा फरक तड्यांत उतरतो. सरकलेली काच शेजारच्या भागाला रेटून ठेवते, भार काढल्यावरही ताण उरतो आणि खड्ड्याच्या कोपऱ्यांतून तडे निघतात. दाटणारी काच स्वतःतच जागा करते, म्हणून हा ताण कमी. मग सिलिका सगळ्यांत चिवट असायला हवी? तसं नाही. तिच्यात खड्ड्याभोवती कड्यासारखे, खाली शंकूसारखे पसरणारे तडे जातात. तडे टाळण्यात बाजी मारतात त्या मधल्या काचा, उदाहरणार्थ बोरॉन घातलेल्या काही. तीन ऑक्सिजनांशी जोडलेला बोरॉन दाबाखाली चौथा ऑक्सिजन पकडतो, आणि दाटण्याची आणखी एक सोय होते.

टोकाचा आकारही यात ढवळाढवळ करतो. विकर्सपेक्षा टोकदार, घनाच्या कोपऱ्यासारखं टोक वापरलं तर त्याच काचेत सरकण्याचा वाटा वाढतो. तेव्हा एखाद्या काचेत ‘इतके टक्के दाटणं’ असा आकडा वाचनात आला, तर तो कोणत्या टोकाखाली मोजला ते आधी पाहावं.